जरा, लेप आणि वैराग्य

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या अरण्यप्रदेशात, जिथे चैत्रातील पहाट मोहफुलांसाठी आणि वैशाखातील पहाट तेंदूच्या पानांसाठी राखून ठेवलेली असते, तिथे पन्नाशीच्या आसपास आलेली एखादी स्त्री जेव्हा सांगते, की पाळी गेल्यापासून माझे अंग कोरडे पडले आहे, रात्री खाज सुटते, तोंडावर वांग पसरले आहे आणि काट्याचा साधा ओरखडा भरून यायला पूर्वीच्या दुप्पट दिवस लागतात, तेव्हा औषध मिळण्यापूर्वीच तिला एक तत्त्वज्ञान मिळते. वय झाले, असे होणारच. देह हा नाशवंत आहे, त्याचे काय एवढे मनावर घ्यायचे. आता नातवंडांत आणि देवाधर्मात लक्ष घालावे. हे सांगणारे लोक दुष्ट नसतात. ते बहुधा तिचे पुत्र असतात, शेजारणी असतात, क्वचित दवाखान्यातील घाईत असलेला एखादा कर्मचारीही असतो, आणि त्यांनी उच्चारलेले प्रत्येक विधान शास्त्राच्या दृष्टीने खरेच असते. तरीही त्या विधानांचा जो उपयोग येथे केला जातो तो मला खोटा वाटतो, आणि तो का खोटा वाटतो याचा विचार करण्यासाठीच हे लिहिण्यास घेतले आहे. जरेने उतरलेल्या त्वचेसाठी वैद्याकडून चिठ्ठी मागणे ही देहासक्ती होय काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, तो असा की, दुसऱ्याच्या देहाविषयी वैराग्य बाळगण्याचा अधिकार कोणालाही कोणी दिला आहे काय?

या वयात देहात काय घडते ते आधी पाहिले पाहिजे, कारण वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून सांगितलेले अध्यात्म ऐकणाराच्या उपयोगी पडत नाही. स्त्रीच्या बीजकोशांत निर्माण होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक केवळ गर्भधारणेचा कारभार पाहते असे नाही. त्वचेच्या पेशींतही त्याचा संदेश ओळखणारी ग्राहके असतात, आणि त्या संदेशावरून त्वचेला जाडी व बळकटी देणारे कोलॅजन तयार होत असते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांच्या चार-पाच वर्षे आधी, थांबते. आणि ती थांबल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतील कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, पुढे कित्येक वर्षे ते दरसाल सुमारे २ टक्क्यांनी घटत राहते. तैलग्रंथी मंदावतात, पाणी धरून ठेवण्याची त्वचेची शक्ती क्षीण होते, अंगातून वाफा निघून चेहरा व छाती एकाएकी लाल होते, डोक्यावरचे केस विरळ होतात आणि हनुवटीवर मात्र दोन-चार राठ केस उगवतात. पुरुषाची त्वचा वर्षानुवर्षे हळूहळू उतरते. स्त्रीच्या त्वचेला थोड्या मुदतीत एकदम उतरण लागते. ज्याला आपण सरसकट वय म्हणतो त्यात एका विशिष्ट द्रव्याचा, विशिष्ट वेळी झालेला लोप मिसळलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे 'असे होणारच' या उत्तरातील निम्मा भाग गळून पडतो.

त्यात या मुलखाची परिस्थिती विचारात घ्यावी. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तेंदूपानाचा हंगाम असतो. बायका उजाडण्यापूर्वी जंगलात शिरतात, पाने खुडून घरी आणतात, सावलीत बसून त्यांचे पुडे बांधतात आणि उतरत्या उन्हात फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन मोजून देतात. पावसाळ्यात भाताची रोवणी करताना पावले दिवसचे दिवस चिखलात राहून बोटांमध्ये चिखल्या होतात. चुलीचा धूर आहे, चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजूला कोळशाची धूळ आहे. पातळ होत चाललेल्या त्वचेवर हे सर्व येऊन आदळते.

आता शास्त्राकडे वळू. स्त्रीचे रज बाराव्या वर्षापासून सुरू होऊन पन्नासाव्या वर्षी क्षय पावते, अशी गणना सुश्रुतसंहितेत आहे. पण मला तिच्या सूत्रस्थानातील एक भेद अधिक मोलाचा वाटतो. व्याधींचे वर्गीकरण करताना सुश्रुत क्षुधा, तृष्णा, निद्रा, जरा आणि मृत्यू यांना स्वभावबलप्रवृत्त व्याधी म्हणतो, म्हणजे जे देहाच्या स्वभावातूनच उद्भवतात ते. येथेच तो थांबला असता तर आपले पुत्र आणि शेजारणी यांचेच म्हणणे सिद्ध झाले असते. तथापि तो लगेच सांगतो, की हेही दोन प्रकारचे आहेत, कालज आणि अकालज. सर्व प्रकारे रक्षण करूनही जे योग्य काळी येतात ते कालज, आणि रक्षण न केल्यामुळे जे अवेळी येतात ते अकालज. जरा ही स्वाभाविक आहे असे म्हणणारा आचार्यच तिच्यात रक्षणाच्या अभावी आलेली जरा वेगळी काढतो, आणि तिची जबाबदारी अर्थातच रक्षण न करणाऱ्यांवर जाऊन पडते. उन्हाने करपलेली, चुलीच्या धगीने सुकलेली, साध्या मलमाच्या अभावी खाजवून खाजवून रक्ताळलेली त्वचा ही कालाची करणी आहे असे म्हणणे हे सुश्रुताचा अर्धाच भाग वाचण्यासारखे आहे. ज्या स्त्रियांचे गर्भाशय व बीजकोश खऱ्या आवश्यकतेवाचून काढून टाकले जातात, आणि महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या संदर्भात ही गोष्ट २०१९ साली विधिमंडळापर्यंत गाजली, त्यांची पस्तिशी-चाळिशीत आलेली जरा तर कोणत्याही अर्थाने कालज म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की आयुर्वेद हे देहाचेच शास्त्र असल्यामुळे ते देहाची बाजू घेणारच; धर्माचा निवाडा वेगळा असेल. तो वेगळा नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात अत्रिकुलातील अपालेचे एक सूक्त आहे, आणि परंपरा सांगते की ती त्वग्दोषाने पीडित होती व पतीने तिला टाकले होते. पाण्याकडे जाताना तिला सोमवल्ली सापडते, ती दातांनी चावून तिचाच रस ती इंद्राला अर्पण करते, आणि वर मागते तो असा, की माझ्या पित्याच्या मस्तकावर, पित्याच्या शेतात आणि माझ्या उदराखाली, या तीन ठिकाणी उगवण होवो. इंद्र तिला रथाच्या, गाडीच्या आणि जुवाच्या छिद्रांतून तीनदा ओढून काढतो आणि तिची त्वचा सूर्यासारखी करतो. या सूक्तात कोणीही तिला देहाच्या नश्वरतेचा उपदेश करीत नाही. बापाचे टक्कल, पडीक शेत आणि स्वतःचे अंग यांची मागणी तिने एका दमात केली आहे, यात तिला काही विसंगती वाटली नाही आणि इंद्रालाही वाटली नाही.

दहाव्या मंडलातील घोषेचे उदाहरण याहून मार्मिक आहे. कक्षीवानाची ही कन्या, तीही परंपरेने त्वग्रोगीच मानलेली, पित्याच्या घरी वयस्क होत चालली असताना अश्विनीकुमारांना आळवते. आणि आपली कैफियत मांडताना ती त्यांना जणू पूर्वीची नजीर दाखवते, की तुम्ही जीर्ण झालेल्या च्यवनाला जुन्या रथाप्रमाणे पुन्हा घडवून चालता केला होतात. मला हा क्षण आपल्या धार्मिक वाङ्मयातील अत्यंत धीट क्षणांपैकी एक वाटतो. जरा दूर व्हावी म्हणून आपल्या पुराणांत धडपडतात ते बहुतेक पुरुष आहेत. च्यवनाचे नाव आजही हिवाळ्यातील अवलेहाबरोबर घरोघरी घेतले जाते; ययातीने तर पुत्राचे तारुण्य मागून घेतले, आणि त्याच्या कथेवर वि. स. खांडेकरांनी १९५९ साली लिहिलेली कादंबरी आपल्या भाषेला पहिले ज्ञानपीठ मिळवून देती झाली. गडचिरोली जिल्ह्यातच चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी जे मार्कंडा क्षेत्र आहे, जिथे महाशिवरात्रीला दूरदूरच्या गावांतून बायका पायी येतात, ते ज्या मार्कंडेयाचे नाव धारण करते तो तर शिवाच्या कृपेने सोळाव्या वर्षीच थांबलेला ऋषी. त्याला मरण आले नाही आणि जराही आली नाही. पुरुषांच्या बाबतीत जरेपासून सुटका ही तपाचे फळ ठरावी आणि स्त्रीने दोन तोळ्यांचे मलम मागितले तर ती आसक्ती ठरावी, हा शिरस्ता कोणत्या धर्माने घालून दिला? घोषेने तो प्रश्न अश्विनांपुढे नेला, आणि दाद मिळवली.

वैराग्याचा पक्ष मात्र इतक्याने संपत नाही, आणि तो हलक्या हाताने बाजूला सारण्याजोगाही नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतील दुःख आणि दोष यांचे वारंवार दर्शन हेही एक लक्षण आहे, आणि त्या स्थळी ज्ञानेश्वर महाराजांनी वार्धक्याचे जे वर्णन केले आहे ते अंगावर काटा आणणारे आहे. मात्र ते वर्णन कोण कोणाविषयी करीत आहे, हे पाहावे. तेथे ज्ञानी पुरुष ऐन तारुण्यात स्वतःच्याच देहाकडे पाहून, हा देह उद्या कसा होईल, याचे चित्र मनात रेखाटतो, आणि ते चित्र पाहून वेळीच सावध होतो. अनुदर्शन हे स्वतःच्या देहाचे आहे. ते साधनेचे अंग आहे आणि साधना जो करतो त्याच्यापुरतीच ती फळते. शेजारच्या म्हातारीच्या सुरकुत्या पाहून तिला नश्वरता सांगणे हे त्या ओव्यांतील अनुदर्शन नव्हे, कारण सांगणाऱ्याचे त्यात काहीच सुटत नाही. त्याग हा आपल्या मालकीच्या वस्तूचाच करता येतो. जी स्त्री आयुष्यभर स्वतःच्या अंगाला तेल लावण्याइतकी उसंतही मिळवू शकली नाही, तिला देहाचा लोभ सोडण्यास सांगणे म्हणजे जे तिच्या हाती कधी आलेच नाही ते टाकून देण्याचा हुकूम करणे होय. आणि ज्याला रात्रभर खाजेने झोप नाही त्याचे चित्त देहावरून उठत नाही, उलट ते देहातच खिळून राहते. खाज शमली म्हणजे माणूस आपल्या अंगाला विसरतो, आणि नामस्मरण करावयाचे असेल तर ते याच विसरात अधिक चांगले होते. औषधाने देहभान वाढत नाही, ते कमी होते, असे मला निश्चितपणे वाटते.

गीतेतील जीर्ण वस्त्रांच्या दृष्टान्ताचाही येथे दाखला दिला जातो. जीर्ण झालेले वस्त्र देही टाकतो आणि नवे घेतो, हे खरे. पण टाकण्याची वेळ येईपर्यंत त्या वस्त्राला ठिगळ लावू नये असे भगवंताने कोठे म्हटले आहे? आपला प्रत्यक्ष आचार पाहिला तर तो उलटच दिसतो. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज शतकानुशतकांच्या अभिषेकांनी आणि भक्तांच्या मस्तकस्पर्शाने होत आली आहे, आणि ती थांबवण्यासाठी मूर्तीला वेळोवेळी वज्रलेप केला जातो. २०२० साली तो पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी केला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे अशाच प्रकारचे संवर्धन २०१५ साली झाले. त्या वेळी वाद झाले ते लेपाच्या पद्धतीविषयी आणि परिणामाविषयी झाले. झीज ही कालाची इच्छा आहे, तिला हात लावू नये, असे म्हणणारा भक्त अपवादानेच भेटला असेल. चंद्रपुरातही राणी हिराईने बांधलेल्या महाकालीच्या मंदिरात चैत्राच्या यात्रेला मराठवाड्यापर्यंतच्या बायका येतात, देवीच्या शेंदराची आणि अंगावरच्या वस्त्राची काळजी करतात. भक्तांच्या हातांनी झिजलेल्या पाषाणाला लेप लागतो. मुलांना वाढवताना, रोवणी करताना, चुलीपुढे बसताना जी त्वचा झिजली तीही इतरांच्याच कारणे झिजली आहे. तिला लेप लागू नये हे म्हणणे मला श्रद्धेशी विसंगत वाटते.

या अरण्यात त्वचेविषयीची एक स्वतंत्र श्रद्धाही नांदते. गोंड आणि माडिया स्त्रियांत गोंदणाची जी परंपरा आहे तिच्यामागे असा भाव सांगितला जातो, की सोन्याचांदीचे दागिने येथेच राहतात, मेल्यावर बरोबर येते ते फक्त गोंदण. वेदान्ताने देहाला वस्त्र मानून मागे टाकले. या बायकांनी देहावर काढलेली रेघच परलोकी नेण्याजोगी एकमेव ठेव मानली. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता वरची त्वचा सुमारे महिन्याभरात झडून नवी होत असते, म्हणून गोंदणाचा रंग टिकतो तो तिच्याखालच्या थरात. आणि हा तोच थर आहे ज्यातील कोलॅजन पाळी गेल्यावर झपाट्याने ओसरते. आजीच्या मनगटावरील ठिपके पसरट होतात, पिंढरीवरील रेघा त्वचेबरोबर सैल पडतात. जिच्या दृष्टीने त्वचा हाच परलोकीचा दस्तऐवज आहे तिची त्वचेविषयीची चिंता देहासक्ती म्हणून हिणवणे हे एका धर्माने दुसऱ्या धर्माची भाषा न समजता त्याचा न्याय करणे आहे.

आणि त्वचेकडे दुर्लक्ष करण्याचे परिणाम काय होतात हे या जिल्ह्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली आनंदवन उभे राहिले, त्यामागे त्वचेवरून माणसाला माणसांतून उठवण्याच्या सामाजिक वहिवाटीविरुद्धचा एक फार मोठा पुकारा होता. पावसात गटाराकाठी पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून आपण भ्यालो, ही गोष्ट बाबांनी स्वतःच वारंवार सांगितली, आणि त्या भीतीवर मात करणे हीच आपली साधना असे त्यांनी मानले. देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर १०,००० लोकांत एकाहून कमी झाल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले खरे, परंतु पूर्व विदर्भातील या पट्ट्यात तो अद्याप नांदतो. म्हणून पन्नाशीच्या बाईच्या पाठीवर किंवा दंडावर फिकट वा लालसर चट्टा उठला, तो खाजत नाही, दुखत नाही, आणि त्यावर पिसाचा स्पर्श कळत नाही, तर त्याला वयाचा डाग म्हणून सोडून देणे घातक आहे. उपचार विनामूल्य आहे. रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत तो पुरा होतो. त्यातील क्लोफाझिमीन या औषधाने त्वचा काळवंडते व अधिकच रखरखीत होते, आणि जिची त्वचा पाळी गेल्यामुळे आधीच कोरडी आहे तिने त्या भीतीने गोळ्या टाकून देऊ नयेत म्हणून तिला हे आधीच समजावून सांगावे लागते, सोबत तेल किंवा व्हॅसलिन द्यावे लागते. अंगभर खाजेमागे कधी खरूज असते, कधी मधुमेह, कधी थायरॉइड ग्रंथीचा किंवा मूत्रपिंडाचा विकार. यांपैकी काहीही 'वय झाले' या दोन शब्दांत ओळखता येत नाही.

चिठ्ठीचे महत्त्व मला येथे दिसते. चिठ्ठी म्हणजे कोणीतरी जबाबदार माणसाने पाहिले, हात लावून तपासले, आणि आपल्या सहीने सांगितले की हे इतके, इतक्या दिवस, अशा रीतीने. धर्मशास्त्र ज्याला नियम म्हणते त्याचेच हे एक रूप आहे. ती नसली म्हणजे बाजार तिची जागा घेतो. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड या तिघांचे मिश्रण १९७५ साली त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने वांगावरील उपचार म्हणून प्रसिद्ध केले. मुदतीत आणि देखरेखीखाली ते गुणकारी आहे. आपल्याकडे मात्र त्याच्या नळ्या गोरेपणाचे मलम म्हणून गावोगावच्या दुकानांत पोहोचल्या, बायका त्या महिनेन् महिने चोळत राहिल्या, आणि चेहऱ्याची कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागल्या, पुरळ उठले, मलम थांबवताच आग होऊ लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी कित्येक वर्षे तगादा लावल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉइडयुक्त मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री नियमाने बंद केली. रजोनिवृत्तीने आधीच पातळ झालेल्या त्वचेवर हे मलम चोळणे म्हणजे जरेला आपण होऊन हात देणे आहे.

क्लिगमन यांच्या नावाशी आणखी एक गोष्ट निगडित आहे, आणि औषधाच्या धर्माधर्माचा विचार करताना ती लपवणे मला योग्य वाटत नाही. ट्रेटिनॉइन प्रथम मुरुमांवर वापरले गेले. त्याने उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेत नवे कोलॅजन तयार होते हे १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाले, आणि सुरकुत्यांवर खरोखर गुण देणाऱ्या मोजक्या द्रव्यांत आजही त्याची गणना होते. पण या संशोधकाची कित्येक वर्षे फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग करण्यात गेली होती, आणि त्या कैद्यांनी दिलेली संमती ही संमती या नावाला पात्र नव्हती. बंदिवानांच्या पाठीवर सिद्ध झालेली विद्या आज दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्याला उपयोगी पडते. ती नाकारावी असे मी म्हणणार नाही, कारण नाकारल्याने त्या कैद्यांना काही परत मिळत नाही. पण ती वापरणाऱ्या वैद्याने रुग्णाला प्रत्येक गोष्ट सांगून, तिची संमती खरी करून घेऊन वापरावी, एवढे ऋण त्या इतिहासाने निश्चितच आपल्यावर ठेवले आहे. सांगावयाचे ते असे, की हे मलम रात्री, वाटाण्याएवढे, आठवड्यातून दोनतीनदा सुरू करावे. प्रथम त्वचा सोलते आणि चुणचुणते. याने उन्हाची बाधा वाढते, म्हणून तेंदूच्या हंगामात दिवसदिवस उन्हात राहणाऱ्या बाईला ते पावसाळ्यानंतर सुरू करण्यास सांगणे शहाणपणाचे ठरेल. पुष्कळदा तिची खरी गरज याहून साधी असते: कढत पाण्याऐवजी कोमट पाणी, साबण कमी, अंग ओलसर असतानाच तेल किंवा युरियायुक्त मलम, टाचांच्या भेगांना रात्री व्हॅसलिन, डोक्यावरून चेहऱ्यावर सावली धरणारा पदर. मोहाच्या बियांचे तेल या भागात पूर्वापार अंगाला लावले जाते, आणि त्वचेचा ओलावा राखण्यापुरते ते चांगलेच आहे.

शहरांतून जरेला गुन्हा ठरवणारा जो मोठा व्यापार चालतो त्याचा मी येथे विस्तार करीत नाही. तो निंद्य आहे. तथापि त्याची निंदा करताना आपण अरण्यातल्या बाईच्या हातचे साधे मलम काढून घेत नाही ना, याचे भान मला त्या निंदेपेक्षा महत्त्वाचे वाटते.

एक भाग राहिला, आणि तो सर्वांत अधिक दडपलेला आहे. इस्ट्रोजेन ओसरल्यावर चेहऱ्याच्या त्वचेला जे होते तेच योनिमार्गाच्या नाजूक अस्तरालाही होते. तेथे कोरडेपणा येतो, आग होते, लघवीला जळजळ होते, आणि पतीचा सहवास नकोसा होतो. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे निष्कर्ष मांडले, त्यांत ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला होता, आणि पूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. जगाला या आकड्यांनी धक्का बसला. त्या स्त्रियांना बसला नसावा, त्या ते दुखणे अंगावर काढीतच आल्या होत्या. हे मौन कोठून आले ते सांगणे कठीण नाही. माडिया गावांतील कुर्माघर असो की आपल्या घरांतील कोपरा असो, पाळीच्या काळात बाजूला बसवलेल्या स्त्रीच्या मनात त्या अवयवाविषयी जी लज्जा रुजते ती पाळी गेल्यावरही जात नाही. तेराव्या शतकात विदर्भाच्या वाटा तुडवणाऱ्या चक्रधरस्वामींनी रजःस्राव हा देहाच्या इतर द्वारांतील स्रावांसारखाच एक आहे, त्याला विटाळ म्हणण्याचे कारण नाही, असे आपल्या शिष्यांना स्पष्ट सांगितले होते. सातशे वर्षे लोटली तरी तो खुलासा घराघरांत पोहोचलेला नाही. या कोरडेपणावर अल्प मात्रेचे इस्ट्रोजेनयुक्त मलम मिळते, ते आतून लावावयाचे असते, रक्तात त्याचा फारच थोडा अंश उतरतो, आणि काही आठवड्यांत स्त्रीला आराम पडतो. स्तनाचा कर्करोग पूर्वी झालेला असेल तर ते तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून देऊ नये. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एकदा जरी पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर हे मलम वा दुसरे कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी गर्भाशयाची तपासणी तातडीने करून घेतली पाहिजे, कारण त्या रक्तामागे कर्करोग असू शकतो. घरात कोणी त्या वेळी वयाचे आणि देहाच्या नश्वरतेचे नाव काढले, तरी बाईने उपकेंद्रातील परिचारिकेला गाठून तालुक्याच्या दवाखान्याची वाट धरावी.